पाच महिने, दोन बॅरल आणि एक वही: माझी पहिली पॉइंट टू टू

९ जानेवारीला रेंजवर मला एक वर्ष पूर्ण झालं. वर्षभर मी क्लबच्या सामायिक रायफलींवर शिकले. ज्या दिवशी जी मोकळी असेल ती घ्यायची. एकीचा ट्रिगर हलका, दुसरीचा जड, तिसरीचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) माझ्या हाताला लांब पडायचा. पहिले पंधरा-वीस राऊंड, म्हणजे गोळ्या, जुळवून घेण्यातच जायचे आणि हात बसतोय असं वाटेपर्यंत वेळ संपलेली असायची. त्या दिवशी माझा टार्गेटचा कागद बघून सर म्हणाले, "आता स्वतःची रायफल घ्या. गोळी बाहेर गेली ती तुमच्यामुळे की रायफलीमुळे, हे कळायचं तर रोज तीच रायफल हातात हवी."

त्या दिवसापासून स्वतःच्या रायफलीतून पहिली गोळी सुटेपर्यंत पाच महिने गेले. मधल्या काळात कागदपत्रांपायी दोनदा रडकुंडीला आले आणि एकदा भलत्याच रायफलीचे पैसे मोजता मोजता थांबले. यातलं बरंचसं कुणी आधी क्रमाने सांगितलं असतं तर माझी निम्मी धाकधूक वाचली असती, म्हणून हे लिहितेय.

पहिल्या आठवड्यात मी फक्त पैशांचा विचार केला. जमवलेल्या रकमेचे शंभर भाग केले आणि ८० भाग रायफलीला, २० भाग स्कोपला, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीला, असं मांडून तो कागद सरांना दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "आणि गोळ्या?" घरी येऊन पुन्हा मांडलं: रायफल ५५, स्कोप आणि तो बसवायच्या रिंगा २०, पहिल्या तीन महिन्यांचे राऊंड १२, कुलपाचं कपाट आणि ने-आण करायची पेटी ८, अर्ज, शुल्क आणि तपासण्या ५. नव्याने घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन की बजेट रायफलीचं नसतं, पहिल्या वर्षाचं असतं. सगळे पैसे रायफलीत घालून ती कपाटात ठेवून देणारी माणसं मी रेंजवर पाहिली आहेत.

दुसरा प्रश्न होता, नेमकी कशासाठी हवी? मला ५० मीटरवर कागदावर नेम धरायचा होता, पालथं झोपून आणि टेबलावर टेकवून. त्यामुळे पॉइंट टू टू लाँग रायफल (हे ०.२२ इंची काडतुसाचं नाव) आणि बोल्ट अॅक्शन हे दोन निर्णय आपोआप झाले. हे काडतूस १८८७ पासून चालत आलेलं आहे, धक्का नगण्य, आवाज सोसवणारा आणि सराव परवडणारा. बोल्ट अॅक्शनमध्ये प्रत्येक गोळीनंतर हात थांबतो, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) उचलावा लागतो, श्वास पुन्हा जुळवावा लागतो. शिकणाऱ्याला ही सक्तीची उसंत फार उपयोगी पडते.

'चांगली रायफल' म्हणजे किती चांगली, हे मात्र मला समजत नव्हतं. ते कोडं एका साध्या गणिताने सुटलं. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. गोळीचा व्यास ५.६. गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे पाच गोळ्यांचा ग्रुप, कागदावरच्या छिद्रांचा पुंजका, मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिलिमीटरमध्ये बसला आणि साइट नीट लावलेली असली तर पाचही दहा. रायफल टेकवून मारल्यावर १६ ते १८ मिलिमीटर देत असेल तर माझ्यासारखीला पुढची काही वर्षं तिच्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही. स्पर्धेसाठी बनवलेल्या जड, सगळीकडून जुळवता येणाऱ्या रायफली याहून सरस असतात, पण त्यांची किंमत माझ्या शंभर भागांच्या कितीतरी पट होती. १६ हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि दुकानातलं कौतुक ऐकताना प्रत्येक वेळी त्याच्याकडे पाहिलं.

१६ जानेवारीला परवान्याचा अर्ज दिला. नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, म्हणून कलमं सांगत नाही. माझ्याकडून ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, क्लबचं सदस्यत्वाचं पत्र, प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला, डॉक्टरांचा दाखला आणि रायफल घरात कुठे, कशी ठेवणार याची माहिती मागितली होती. सगळं एका फाइलमध्ये लावून दिलं आणि निर्धास्त झाले. तीन आठवड्यांनी फाइल परत आली. ओळखपत्रावर माझं मधलं नाव पूर्ण होतं, क्लबच्या पत्रावर फक्त आद्याक्षर. एवढ्याने अर्ज अडला होता. क्लबकडून नवं पत्र घ्यायला आठ दिवस गेले, कारण सही करणारे पदाधिकारी बाहेरगावी होते. अर्ज देण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव, पत्ता, जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहा. माझे तीन-चार आठवडे निव्वळ या एका गोष्टीत गेले. जमा केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पोच जवळ ठेवा.

मग चौकशी झाली. घरी येऊन कपाट बघितलं, ते भिंतीला बोल्टने पक्कं केलंय का हे हलवून पाहिलं, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवणार का हे विचारलं. मी कपाट आधीच बसवून घेतलं होतं, त्यामुळे ते एका भेटीत आटोपलं. त्या दिवशी मला उगाचच अपराधी वाटत होतं, जणू काही मी लपवतेय. तसं वाटणं स्वाभाविक आहे, हे नंतर इतरांशी बोलल्यावर कळलं. विचारलेल्याचं सरळ उत्तर द्यायचं आणि नाही माहीत ते नाही माहीत म्हणायचं. परवाना हातात आला ४ एप्रिलला, अर्ज दिल्यापासून अकरा आठवड्यांनी.

हे अकरा आठवडे वाया गेले नाहीत, कारण मला काका भेटले. ते आयुष्यभर हत्यारं दुरुस्त करत आले आणि आता क्लबच्या रायफली सांभाळतात. मी एकदा धीर करून विचारलं, "काका, मला बघायला शिकवाल का?" त्यांनी त्याच संध्याकाळी क्लबची एक जुनी रायफल टेबलावर घेतली, बोल्ट उघडून मॅगझिन काढलं, चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) डोळ्याने बघितलं, मग करंगळीच्या टोकाने चाचपलं आणि मलाही तेच करायला लावलं. त्यानंतरच बोलायला सुरुवात केली.

पॉइंट टू टू हे रिमफायर काडतूस. त्यात पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेत, म्हणजे रिमच्या आत भरलेलं असतं. फायरिंग पिन ती कड चेंबरच्या काठावर दाबून चिमटते आणि राऊंड पेटतो. रिमफायरमधल्या पुष्कळ भानगडी याच एका रचनेतून निघतात. चेंबर रिकामं असताना ट्रिगर दाबत राहिलं तर काही रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आपटते आणि तिथे खळगा पडतो. मग रिमला मागून नीट आधार मिळत नाही, राऊंड फुसके जातात, काडतूस आत-बाहेर करताना अडकतं. आजच्या बऱ्याच रायफलींत पिन तिथवर पोचणार नाही अशी सोय असते, तरी माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय रिकामा ट्रिगर दाबू नये. काकांनी मला आरसा आणि टॉर्च देऊन त्या जुन्या रायफलीच्या चेंबरचा काठ दाखवला. बारा वाजताच्या जागी नखाच्या टोकाएवढा खळगा होता. एकदा बघितल्यावर तो कधीच नजरेतून सुटत नाही.

रिकामी काडतुसं बघायलाही त्यांनीच शिकवलं. पिनेची खूण रिमवर खोल आणि प्रत्येक काडतुसावर सारखी हवी. रिमच्या वरच्या बाजूला पितळ फुगलेलं दिसलं तर बोल्ट आणि बॅरल यांच्यातली फट जास्त आहे असं समजायचं. जुनी रायफल बघायला जाताना "हिच्यातून मारलेली पाच रिकामी काडतुसं दाखवा" असं म्हणायला लाजू नका. विकणारा प्रामाणिक असेल तर त्याला बरंच वाटतं.

मग मी वहीत पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं, नंतर बदलता येणार नाही ते: बॅरल, चेंबर, क्राउन (बॅरलच्या तोंडाची कड), बोल्टची बसण. उजवीकडे, नंतर बदलता येईल ते: ट्रिगरची स्प्रिंग, साइट, स्कोप, बटाची लांबी, लाकडाची पॉलिश. काटेकोरपणे पाहिलं तर डावीकडचंही बदलता येतं. क्राउन पुन्हा कापून मिळतो, काही रायफलींची बॅरल तर घरच्या घरी बदलता येते. पण तो खर्च माझ्या शंभर भागांत बसणारा नव्हता, म्हणून माझ्यापुरतं ते न बदलता येणारंच. पैसे डावीकडच्या रकान्यासाठी द्यायचे, उजवीकडच्यासाठी थांबायचं. पुढचे सगळे निर्णय मी या पानावर घेतले.

बॅरलच्या लांबीवरूनही माझा गैरसमज होता. लांब म्हणजे अचूक असं मी धरून चालले होते. या छोट्या काडतुसातली दारू साधारण सोळा ते एकोणीस इंचांत आपलं काम उरकते, त्यापुढच्या लांबीने वेग वाढत नाही. उघड्या साइटने मारणार असाल तर मागच्या-पुढच्या साइटमधलं अंतर वाढतं, एवढा फायदा. स्कोप लावणार असाल तर आखूड, जाड बॅरलही उत्तम.

आता २० एप्रिलची गोष्ट. परवाना आल्यावर मी उतावीळ झाले होते. कुणाकडून तरी कळलं की एक जुनी रायफल विकायची आहे, किंमत माझ्या ४० भागांत बसणारी. बघायला गेले. पेटी उघडली आणि मी हरखलेच. अक्रोडाचा स्टॉक (बॅरल ज्यात बसते तो भाग), त्यावर हातानं केलेली जाळीची नक्षी, धातूवर गडद निळा रंग, कुठे ओरखडा नाही. खांद्याला लावली तर जणू माझ्या मापाने बनवलेली. मी मनातल्या मनात तिला घरी नेऊनही ठेवलं होतं. सोबत काका आले होते, हे माझं भाग्य.

काकांनी परवानगी घेऊन बोल्ट काढला, सफाईच्या रॉडवर पॅच (कापडाचा तुकडा) घट्ट बसवला आणि रॉड माझ्या हातात दिला. "चेंबरकडून सावकाश ढकला. डोळे मिटून." मी ढकलू लागले. घट्ट, एकसारखा विरोध, लोण्यातून सुरी जावी तसा गुळगुळीत पण दाबून. बॅरलच्या तोंडाच्या चार बोटं अलीकडे रॉड अचानक सैल झाला, अर्धा इंचभर जणू पोकळीत गेला, आणि लगेच पुन्हा घट्ट. मी डोळे उघडून काकांकडे बघितलं. ते म्हणाले, "मागे घ्या, पुन्हा ढकला." पुन्हा त्याच जागी हात सुटल्यासारखा झाला. मग त्यांनी बॅरल खिडकीच्या उजेडाकडे धरली. आतल्या लखलखीत नळीत त्याच ठिकाणी एक काळसर कडी दिसत होती, अंगठीच्या सावलीसारखी. बाहेरून तेलाचं बोट फिरवलं तर जाणवेल न जाणवेल असा उंचवटा.

आधी कधीतरी एखादा कमजोर राऊंड सुटला असेल, गोळी नळीतच अडकली असेल आणि ते न कळता मागून दुसरी मारली गेली असेल. त्याने बॅरल तेवढ्या जागी फुगते. विकणाऱ्या गृहस्थांना हे ठाऊक नव्हतं, त्यांचा चेहरा बघून माझी खात्री पटली. त्यांनाही ती कुणाकडून तरी आलेली होती. मी आभार मानून निघाले आणि घरी येईपर्यंत गप्प होते. लाकूड इतकं सुंदर होतं की एकटी गेले असते तर त्याच दिवशी पैसे दिले असते. पॅच आणि रॉड सोबत न्या, आणि जाणतं माणूस न्या. आवाज हलका आला किंवा कागदावर छिद्र दिसलं नाही तर पुढची गोळी मारायच्या आधी थांबा, रायफल रिकामी करून बोल्ट काढा आणि चेंबरकडून नळीतून बघा. हे शेवटचं कुठल्याही रायफलीसाठी, कायम.

यानंतर जुन्याची भीती बसली. ४ मे रोजी नव्या रायफली बघायला गेले आणि सबंध दिवस तिथेच काढला. सॅव्हेज मार्क टू माझ्या ३८ भागांत येत होती. तिच्या ट्रिगरमध्ये मधोमध एक पातळ पातं असतं, ते आधी दाबल्याशिवाय ट्रिगर सुटत नाही, त्यामुळे तो हलका ठेवूनही सुरक्षित राहतो. या किमतीत इतका स्वच्छ सुटणारा ट्रिगर मिळतो याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. रुगर अमेरिकन रिमफायर ४६ भागांत. तिला दहा राऊंडचं गोल फिरणारं मॅगझिन, तेच जे या कंपनीच्या १९६४ पासूनच्या टेन-ट्वेंटी-टू रायफलीत चालतं, त्यामुळे जादा मॅगझिनची कधी चणचण नाही. बोल्ट फक्त ६० अंश उचलावा लागतो, स्कोपखाली हाताला भरपूर जागा राहते. सीझेड ४५७ साठी ६६ भाग लागले असते. हातोड्याच्या ठोक्यांनी घडवलेली बॅरल, जुळवता येणारा ट्रिगर, बोल्ट इथेही ६० अंशांचा. टिक्का टी-वन-एक्स ७० भाग. तिचा बोल्ट मी दहा-बारा वेळा विनाकारण पुढे-मागे केला, इतका तो अलगद सरकत होता.

दुकानात रायफल हातात घेतल्यावर मी ठरवून तीन गोष्टी केल्या. बट कोपराच्या खोबणीत ठेवून बोट ट्रिगरपर्यंत सहज पोचतंय का बघितलं. डोळे मिटून रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला आणि मग डोळे उघडले; साइट डोळ्यासमोर आपोआप आली पाहिजे, मान वाकवून आणावी लागता कामा नये. आणि बॅरल व स्टॉकच्या मधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली. बॅरल मोकळी ठेवलेली असेल तर पट्टी विनाअडथळा मागपर्यंत जाते. स्टॉक प्लॅस्टिकचा असेल तर पुढचा भाग हाताने दाबूनही पाहा. तो दबून बॅरलला टेकत असेल तर टेकवून मारताना ग्रुप सरकत राहतो.

त्या दिवशी नवीनच घ्यायची असं ठरलं असतं तर मी सॅव्हेज घेऊन उरलेले पैसे राऊंडमध्ये घातले असते, आणि तो निर्णय चुकीचा ठरला नसता. ज्यांना जुनी रायफल तपासून देणारं कुणी नाही त्यांनी नवीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला थांबवलं ते ताईंनी. क्लबमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणतात. खांद्याच्या दुखण्यामुळे त्यांनी दोन वर्षांपासून नेमबाजी बंद केली होती. १८ मे रोजी त्या रेंजवर आल्या आणि मला म्हणाल्या, "तू शोधतेयस असं ऐकलं. माझी ४५२ बघून जा. नाही आवडली तर नाही म्हण, मला राग येणार नाही."

सीझेड ४५२, आताच्या ४५७ च्या दोन पिढ्या आधीची. अक्रोड नाही, साधं बीचचं लाकूड. बटावर दोन खोल ओरखडे, एका ठिकाणी पॉलिश घासून पांढरट झालेलं. मागे २५ पासून २०० मीटरपर्यंत आकडे असलेली सरकणारी उघडी साइट. शेजारी एक जाड पुठ्ठ्याची वही. ताईंनी पहिल्या दिवसापासून प्रत्येक सरावाची नोंद केली होती: तारीख, अंतर, कुठले राऊंड, किती, आणि शेरा. "वारा डावीकडून." "स्क्रू सैल होता, कसला." "आज मन नव्हतं." शेवटच्या पानावर एकूण आकडा, ११,४२०. पॉइंट टू टूची गोळी मऊ शिशाची आणि दाब कमी, त्यामुळे एवढ्याने चांगली बॅरल झिजत नाही. झिजते ती चुकीच्या सफाईने, तोंडाकडून घातलेल्या रॉडने क्राउन घासून. ताईंनी सगळा काळ चेंबरकडून दोरी ओढून साफ केलेलं होतं आणि तेही वहीत लिहिलेलं होतं.

पॅच घट्ट बसवून मी पुन्हा डोळे मिटले. या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताला एकच जाणीव. मागे घेतला, पुन्हा ढकलला. काकांनी तोंडाजवळ कापसाचा बोळा फिरवला, एक धागासुद्धा अडकला नाही. चेंबरचा काठ स्वच्छ, बंद केल्यावर बोल्ट हलत नव्हता. उघडा असताना तो थोडा डुगडुगतो, त्याला घाबरू नका. रेंजवर ताईंच्या उरलेल्या राऊंडनी टेकवून पाच-पाचचे तीन ग्रुप मारले. २१, १७, १९ मिलिमीटर, तेही उघड्या साइटने. ४८ भागांत सौदा ठरला. डावा रकाना पूर्ण भरला होता. उजवीकडचे ओरखडे माझ्या काही कामाचे नव्हते.

नावावर करून घ्यायला १९ दिवस लागले. दोघींचे परवाने, विक्रीचा अर्ज, रायफलीच्या क्रमांकाची नोंद. कार्यालयात दिलेल्या कागदावर टाइप करताना क्रमांकातल्या ६ चा ८ झाला होता. सही करायच्या आधी मी रायफलीवरून स्वतः उतरवून घेतलेल्या क्रमांकाशी ताडून पाहिला म्हणून लक्षात आलं. तसाच पुढे गेला असता तर माझ्या परवान्यावर भलतीच रायफल चढली असती आणि ते निस्तरायला काही महिने गेले असते. क्रमांक नेहमी धातूवरून वाचा, जुन्या कागदावरून नाही. नोंद ८ जूनला झाली.

तोवर काकांनी ट्रिगरची स्प्रिंग बदलून दिली. काट्यावर तो १.९ किलोला सुटत होता, आता १.१ ला सुटतो. सवयीची एक गोष्ट मात्र मला मुद्दाम घोटवावी लागली. ४५२ ची सेफ्टी उलटी आहे: मागे ओढली की रायफल मारायला तयार होते. क्लबच्या बाकी रायफलींत पुढे ढकलावी लागते. ४५७ मध्ये कंपनीनेही ती पुढे ढकलायची केली. मी रिकाम्या रायफलीवर हे रोज करत राहिले, अंगठ्याला विचार करावा लागेनासा होईपर्यंत. उलटी सेफ्टी असलेली रायफल घेत असाल तर आधी हे करा, मग राऊंड हातात घ्या.

राऊंड निवडायला मी एक पूर्ण सकाळ दिली. कागदावर मारायला स्टँडर्ड व्हेलॉसिटीचे घ्यावेत, यामागे कारण आहे. त्यांचा वेग सेकंदाला साधारण ३२५ मीटर, आवाजाच्या वेगाच्या आत. हाय व्हेलॉसिटीची गोळी आवाजाच्या पुढे सुटते आणि वाटेत मंदावून तो वेग ओलांडताना डळमळते. प्रत्येक प्रकारचे पाच-पाचचे पाच ग्रुप मारले आणि सरासरी काढली. एका नशीबवान तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून काहीही ठरवू नका. प्रकार बदलल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजल्या नाहीत, कारण नळीत आधीच्या गोळ्यांचं मेण असतं. एसके स्टँडर्ड प्लस १७ मिलिमीटर, सीसीआय स्टँडर्ड २२, दुप्पट किमतीचा एक प्रकार १९ आणि एक हाय व्हेलॉसिटी ३४. तुमच्या रायफलीला दुसरंच काही आवडेल, अगदी शेजारच्या त्याच मॉडेललासुद्धा. जे आवडेल त्याचा लॉट नंबर (कारखान्यातल्या एका खेपेचा क्रमांक) टिपून ठेवा आणि परवडेल तेवढं त्याच लॉटचं घ्या.

हिशेब असा झाला: रायफल ४८, स्प्रिंग आणि तपासणी ३, अर्ज आणि हस्तांतराची शुल्कं ७, कपाट आणि पेटी ९, राऊंड १३. स्कोपचे २० भाग तसेच शिल्लक आहेत. घाई नाही, उघड्या साइटने अजून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. घेईन तेव्हा ५० मीटरला पॅरॅलॅक्स (डोळा हलला की स्कोपमधली खूण टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते तो दोष) जुळवता येणारा घेईन, ११ मिलिमीटरच्या खाचेत बसणाऱ्या रिंगा घेईन, आणि ४५२ चा बोल्ट ९० अंश उचलावा लागतो म्हणून मागचं भिंग मोठं असलेला स्कोप टाळेन.

ताईंनी वहीही रायफलीसोबत दिली. मी म्हटलं, "ही तुमची आठवण आहे, ठेवा." त्या म्हणाल्या, "ती रायफलीची आहे." ११ जूनला मी पहिल्यांदा एकटीने ती रेंजवर नेली, चाळीस राऊंड मारले आणि ताईंच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली. अंतर ५० मीटर. वारा नाही. पहिल्या पाचांत एक नऊ, अंगठा घाईत होता. चाचणीचे राऊंड सोडून एकूण ११,४६०.